पेटंटचा अर्ज मराठीत का नाही चालत?

संपादक साहेब, नमस्कार.

अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवन आहे, म्हणजे आपलं पेटंट ऑफिस. देशात अशी चारच आहेत, कोलकाता, दिल्ली, चेन्नई आणि हे आपलं. अख्ख्या महाराष्ट्राचे अर्ज इथे येतात, शिवाय गुजरात, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगडचेही. पण मराठीत लिहिलेला अर्ज तिथे चालत नाही. नियमातच लिहिलंय, कागदपत्रं हिंदीत नाहीतर इंग्रजीत द्या. मी भांडुपला आयटीआयच्या पोरांना फिटरचं काम शिकवतो आणि मला ही गोष्ट मनापासून खटकते, म्हणून लिहितोय.

आमच्या एका विद्यार्थ्याने चाळीतल्या पिंपासाठी एक साधी वस्तू बनवली. पहाटे पाणी येतं, आई पाईप पिंपात सोडते आणि डब्याच्या मागे लागते, मग पिंप भरून वाहतं आणि शेजारी ओरडतात, घरोघरी हेच. याने पिंपाच्या काठाला अडकणारी एक क्लिप केली, तिच्यावर एक दांडी, दांडीच्या टोकाला फुगा. पाणी चढलं की फुगा वर येतो आणि दांडीचं दुसरं टोक रबरी पाईपच दाबून धरतं, पाणी बंद. पिंपाला भोक पाडायचं नाही, नळाला हात लावायचा नाही, प्लंबर लागत नाही. चाळीत प्रेशर कमी असतं त्यामुळे मस्त चालतं.

आता याला पेटंट मिळेल का? फुग्याने पाणी बंद करणं जुनंच आहे, फ्लशच्या टाकीत तेच असतं, आणि माहीत असलेल्या दोन वस्तू नुसत्या शेजारी ठेवल्या आणि दोघी आपापलं जुनंच काम करत राहिल्या तर तो शोध नाही असं 1970 च्या पेटंट कायद्याच्या कलम 3 मध्ये सरळ म्हटलंय. म्हणजे या पोराचं नवं काय तर फुगा, दांडी आणि पाईप दाबणं हे तिन्ही मिळून बिनभोकाच्या पिंपावर जे काम करतात ते. हे नेमकं मांडावं लागतं, त्यालाच क्लेम म्हणतात आणि पेटंटचा सगळा जीव तिथेच. 'फुगा वर आला की पाणी बंद' एवढंच लिहिलं तर परीक्षक म्हणणार हे तर आधीपासूनच आहे. उलट 'दहा सेंटिमीटरची दांडी आणि लाल फुगा' असं लिहिलं तर उद्या कोणी बारा सेंटिमीटरची दांडी आणि निळा फुगा लावून खुशाल विकेल. एवढं बारीक लिखाण मराठी मीडियमच्या मुलाने परक्या भाषेत करायचं. तो मला मराठीत सगळं पटापट सांगतो, एक शब्द इकडचा तिकडे होत नाही, इंग्रजीत लिहायला बसवलं की गप्प.

पैशाची अडचण लोक समजतात तेवढी नाहीये. एकट्या माणसाने ऑनलाइन अर्ज केला तर फी 1,600 रुपये आणि नंतर तपासणीची मागणी करायला 4,000. पण लिहून देणारा पाहिजे ना. एका कन्सल्टंटने त्याला पन्नास हजार सांगितले आणि वर हेही सांगितलं की अर्जाचा नंबर आला म्हणजे पेटंट झालं, हे साफ खोटं आहे. नंबर म्हणजे फक्त अर्ज पोचला. मग साधारण 18 महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो, तपासणी होते, आक्षेप येतात, त्यांना 6 महिन्यांत उत्तर द्यावं लागतं, हे सगळं पार पडलं तर पेटंट, आणि तेही अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षांसाठी.

सगळ्यात महत्त्वाची ती तारीख. आधी अर्ज करील त्याचा हक्क. त्यासाठी प्रोव्हिजनल अर्जाची चांगली सोय आहे, शोधाचं वर्णन देऊन तारीख पक्की करा आणि पूर्ण अर्ज 12 महिन्यांत द्या. पण भाषेपायी तो पहिला अर्जच लांबतो, आणि तेवढ्यात पोरं हौसेने कॉलेजच्या प्रदर्शनात वस्तू मांडतात, व्हिडिओ टाकतात. एकदा जगाला दाखवलं की ते नवं राहत नाही. सरकारने जाहीर केलेल्या ठरावीक प्रदर्शनांना सूट आहे, पण कॉलेजचं प्रदर्शन काही आपोआप त्यात बसत नाही.

युरोपचं पेटंट ऑफिस म्युनिकला आहे. तिथे पहिला अर्ज कुठल्याही भाषेत घेतात, तारीख देतात आणि इंग्रजी, जर्मन किंवा फ्रेंच भाषांतर 2 महिन्यांत मागतात. म्हणजे मराठीतल्या कागदाला म्युनिकमध्ये तारीख मिळते आणि अँटॉप हिलला मिळत नाही! डॉ. शंकर आबाजी भिसे 1867 साली याच मुंबईत जन्मले, छपाईचे टाइप पाडायचं यंत्र केलं आणि त्यासाठी लंडन गाठावं लागलं, तिथे दादाभाई नौरोजींनी मदत केली. तो काळ वेगळा होता, राज्य परक्याचं होतं. आज काय अडचण आहे?

कोणी म्हणेल परीक्षकाला मराठी कसं कळणार. बरोबर आहे, म्हणून मी सगळा कारभार मराठीत करा असं म्हणतच नाहीये. फक्त पहिला अर्ज मराठीत घ्या, तारीख द्या आणि भाषांतराला दोन-तीन महिने द्या. आणि आठवड्यातून एक दिवस त्या भवनात कोणीतरी बसवा जो क्लेम म्हणजे काय ते मराठीत समजावेल.

अजून एक, छोट्या सुधारणांसाठी जर्मनीत 1891 पासून वेगळं, कमी मुदतीचं छोटं पेटंट आहे. आपल्याकडे 2011 मध्ये त्यावर केंद्राचं चर्चेचं टिपण निघालं होतं, कायदा अजून नाही. ते व्हायला वेळ लागेल हे समजतं. पण भाषेची अट ही कायद्यात नाही, नियमात आहे, आणि नियम केंद्र सरकार अधिसूचना काढून बदलतं, 2024 मध्येच बदललेत, तपासणीची मागणी करायची मुदत 48 महिन्यांवरून 31 वर आणली. मुंबईच्या सहा खासदारांपैकी एकाने तरी हा प्रश्न संसदेत विचारावा आणि आपल्या पेपरने त्यांच्याकडून उत्तर मिळवावं, ही विनंती.

आपला,
एक आयटीआय शिक्षक, भांडुप