30 चा बोर्ड फ्लेक्सच्या मागे अन् गाव टिप्परच्या पुढे

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

तुमच्या पेपरात नागपूरच्या सिमेंट रोडवर, मेट्रोवर, उड्डाणपुलावर रोज काहीतरी छापून येतं, वाचतो मी सगळं. पण खेड्यातल्या रोडाची बातमी कोणी मेल्यावरच येते, तीही चार ओळींची, "अज्ञात वाहनाच्या धडकेत" वगैरे. म्हणून म्हटलं आधीच लिहून टाकू.

आमचं गाव उमरेडच्या बाजूला. रोडाच्या एका अंगाला शाळा आणि ग्रामपंचायत, दुसऱ्या अंगाला वस्ती आणि माझं किराणा दुकान. मधून दिवसरात्र कोळशाचे टिप्पर, आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे कऱ्हांडल्याला वाघ पाहायला निघालेल्या नागपूरच्या गाड्या, त्यांना सफारीचं गेट गाठायचं असते, त्यामुळे त्यांच्या हिशोबात आमचं गाव येतच नाही. पहिले हा रोड अरुंद होता, दोन्हीकडून कडुनिंब अंगावर यायचे, गावात शिरलं की ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. मग रुंदीकरण झालं, झाडं गेली, आता वावरातला रोड आणि गावातला रोड दिसायला सेम टू सेम. रोड मस्त झाला, खोटं काऊन बोलू, माझाही माल लवकर येतो. पण गाव आलं हे त्या बिचाऱ्या ड्रायव्हरला कळावं कसं? ताशी 30 किलोमीटरच्या मर्यादेचा एक बोर्ड आहे म्हणा, पण त्याच्यासमोर वाढदिवसाचा फ्लेक्स लागून राहिला आहे, आणि भाऊंचा वाढदिवस होऊन चार महिने झाले.

मागच्या रविवारी मी आणि माझ्या पुतण्यानं एक उद्योग केला. शेत मोजायचा लांब टेप आणला आणि शाळेच्या गेटच्या अलीकडे-पलीकडे रोडाच्या कडेला एकमेकींपासून बरोबर 100 मीटरवर चुन्याच्या दोन रेघा मारल्या. तो तिकडच्या रेघेवर उभा राहून गाडी आली की हात खाली करणार, मी इकडे मोबाईलचं स्टॉपवॉच. हिशोब सोपा आहे, 12 सेकंद लागले तर गाडी 30 वर, 9 लागले तर 40 वर, 5 लागले म्हणजे 72. सकाळी 8 ते 9 बसलो. रिकामे टिप्पर 5 सेकंद, साडेपाच सेकंद. एक पांढरी गाडी 4 सेकंदांत गेली, म्हणजे 90, पुतण्या म्हणे काका हात खाली करायच्या आतच गेली ना बाप्पा. पूर्ण तासाभरात 30 च्या आत बसले ते दोघंच, एक ट्रॅक्टर आणि एक बैलबंडी. एसटी स्टॉपवर थांबते म्हणून तिला धरलं नाही.

आता 80 वर गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. म्हणजे पोरगं रोडावर आलं हे ड्रायव्हरला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच 22 मीटर गेले, गाडी थांबायला तर अजून सुरुवातच नाही. आणि स्पीड दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होते. शाळेच्या गेटपासून डांबराच्या कडेपर्यंत माझी दहा पावलं आहेत, पोरांना धावत पाच-सहा सेकंद सुद्धा लागत नाहीत.

तुम्ही म्हणाल ब्रेकर टाका. टाकला होता साहेब. दोन वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या बाईला गाडीचा धक्का लागून पाय मोडला, त्या रात्री गावच्या पोरांनी चिडून गिट्टी-मुरूम आणून स्वतःच ब्रेकर बांधला. दीड हात रुंद आणि वीतभर उंच, ना पट्टे ना बोर्ड. आठ दिवसांत त्याच्यावरून एक बाई लेकरासकट मोटारसायकलच्या मागच्या सीटवरून पडली, लेकरू वाचलं, तिच्या कपाळाला टाके पडले. आणि टिप्परवाले काय कमी? एक बाजू कच्च्यात उतरवून निघायचे, म्हणजे जिथून माणसं चालतात तिथूनच. रात्री रिकामी ट्रॉली त्याच्यावरून अशी धाडकन आपटायची की रोडाकडच्या चार घरांतली झोप गेली. शेवटी ज्यांनी बांधला त्यांनीच सब्बलनं फोडला. तरी अजून ग्रामसभेत प्रत्येकाला आपापल्या घरासमोर ब्रेकर पाहिजे, त्यावरून माझं दोन-तीन जणांशी वाजलं पण आहे.

कारण ब्रेकर म्हणजे नुसता डांबराचा उंचवटा नाही. रोडाची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड काँग्रेस या संस्थेचं माप ठरलेलं आहे, गोल पाठीचा ब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि फक्त 10 सेंटीमीटर उंच. त्याच्यावरून 25 च्या स्पीडनं गाडी आरामात जाते, जोरात नेली तरच दणका बसतो. आमचा होता तो नेमका उलटा, नियमानं चालणाऱ्याला शिक्षा.

आणि एकटा ब्रेकरही कामाचा नाही. आधी गावाच्या दोन्ही तोंडाला रोड बारीक वाटला पाहिजे, मधात थोडा दुभाजक, बाजूला उंच कठडा, त्याच्या अलीकडे रंबलरचे, म्हणजे गाडी खडखडवणारे बारीक पट्टे (पण घरांपासून लांब, नाहीतर रात्रभर खडखड), आणि शाळेसमोर टेबलासारखा सपाट उंच क्रॉसिंग, ज्याच्यावरून पोरं चालतील आणि गाडी चढून उतरेल. कडेला परत झाडं लावली तर सोन्याहून पिवळं. बोर्ड कोणी वाचत नाही साहेब, रोडच ड्रायव्हरला सांगत असतो किती पळायचं ते.

हे सगळं अर्जात लिहून दिलं होतं, फोटो लावून. एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात पाठवलं, तिथून सांगितलं की तुमचं गाव ब्लॅक स्पॉटमध्ये, म्हणजे सरकारी हिशोबातल्या अपघाताच्या जागांत, बसत नाही. मी विचारलं बसायला काय लागते, तर कळलं की 500 मीटरच्या आत तीन वर्षांत गंभीर जखमी किंवा मृत्यूचे पाच अपघात, नाहीतर दहा माणसं मेलेली. घरी येईपर्यंत डोक्यात तेच फिरत होतं. म्हातारीचा पाय मोडला तो एक धरला तर अजून चार पाहिजेत. कोणाकोणाचे पाठवू? कपाळाला टाके पडले ते यांच्या हिशोबात बसतात का तेही माहीत नाही.

मोटार वाहन कायद्यात तर सगळं आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर ओव्हरस्पीडला कारवाल्याला 1000 ते 2000, जड गाडीला 2000 ते 4000 दंड. कलम 198अ मध्ये तर रोड मापानुसार नाही बांधला आणि त्यामुळे माणूस मेला किंवा अपंग झाला तर बांधणाऱ्यावर 1 लाखापर्यंत दंड आहे. म्हणजे इथंही आधी माणूस लागतोच. आणि देशाचा रस्ते मंत्री तर आपल्या नागपूरचाच.

आमच्या लोकांचंही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. अर्ध्या रोडावर सोयाबीन वाळवायला टाकतात, हेल्मेट हँडलला लटकवून ट्रिपल सीट जातात, आणि माझ्या दुकानाची ताडपत्री पण दोन फूट पुढे होती, ती मी अर्ज द्यायच्या आधी मागं घेतली. पण ताडपत्री मागं घेतल्यानं टिप्पर 72 चा 40 वर येत नाही.

टिप्परवाल्याचं नुकसान किती होईल, तेही काढलं. गाव एक किलोमीटर धरा. 80 नं 45 सेकंद, 40 नं दीड मिनिट. पाऊण मिनिटाचा प्रश्न आहे. एवढा वेळ तर नागपुरात तर्री-पोह्याच्या ठेल्यावर वरून चना टाकून घ्यायला जातो.

संबंधित साहेबांनी हे वाचलं तर एकच विनंती, फाईल राहू द्या, एक दिवस सकाळी शाळेच्या टायमाला या. चुन्याच्या रेघा अजून आहेत, पाऊस आला की जातील. स्टॉपवॉच माझं, चहा माझ्याकडून.

आपला,
एक किराणा दुकानदार, ता. उमरेड, जि. नागपूर