कंपनी कोण घेणार ते कळले, छोटी विमाने कुठे जाणार?

संपादक महोदय,

विमान कंपन्यांच्या खरेदी-विक्रीच्या शक्यतेवर आपल्या दैनिकात अलीकडे बरेच छापून आले. कोण किती कोटी मोजणार, शेअर कुठे गेला, जुने नाव राहणार की पुसले जाणार, सगळे वाचले. अलायन्स एअर ही छोट्या विमानांची सरकारी कंपनी विकली जाणार ही चर्चा तर २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेल्यापासून अधूनमधून डोके वर काढतेच. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे सांताक्रूझच्या हँगरमध्ये एटीआर या पंख्याच्या छोट्या विमानांच्या देखभालीत गेली. त्यामुळे अशी बातमी आली की मी एक ओळ शोधतो आणि ती सहसा सापडत नाही: छोट्या विमानांचे काय होणार आणि मुंबईतल्या त्यांच्या उतरण्या-उडण्याच्या ठरलेल्या वेळा, म्हणजे स्लॉट, कोणाच्या पदरात पडणार?

मालक बदलला की पहिला घाव छोट्या विमानावर पडतो. २००७ साली जेट एअरवेजने १,४५० कोटी रुपयांना एअर सहारा घेतली. सहाराकडे पन्नास आसनांची सीआरजे जेट विमाने होती, पण जेटचा डोळा होता मोठ्या विमानतळांवरचे स्लॉट, पार्किंगच्या जागा आणि बोइंगवर. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये खनिज तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेले, पन्नास आसनी जेटचा हिशेब जगात कुठेच जमेना, आणि पुढे ती विमाने ताफ्यातून गेली. त्याच २००७ मध्ये किंगफिशरने एअर डेक्कनमध्ये हिस्सा घेतला. लहान गावांत एटीआर उतरवायची धमक ही डेक्कनची खरी पुंजी. पण तेव्हा परदेशी उड्डाणासाठी पाच वर्षांचा अनुभव आणि वीस विमाने अशी अट होती. डेक्कन सुरू झाली २००३ मध्ये, म्हणजे ती पाच वर्षे खरेदीबरोबर आयती मिळाली. सप्टेंबर २००८ मध्ये किंगफिशरचे बंगळुरू-लंडन विमान उडाले, ऑक्टोबर २०१२ मध्ये सगळाच कारभार थांबला. कोल्हापूरची सेवा त्याआधीच बंद पडली होती, आणि तिथे नियमित प्रवासी विमान परत यायला २०१८ साल उजाडले.

टाटांच्या १८,००० कोटींच्या व्यवहारात एअर इंडिया होती, एअर इंडिया एक्स्प्रेस होती. अलायन्स एअर मात्र सरकारकडेच राहिली. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. देशातल्या या मोठ्या विमान समूहाकडे आज पंख्याचे एकही विमान नाही. मी टाटांना दोष देत नाही. ज्याने घेतले त्याने आपला हिशेब पाहायचाच. पण सरकार विकणारे असते तेव्हा दुसरा हिशेब पाहण्याचे काम सरकारचे आहे.

तो हिशेब लोकांना कळावा म्हणून थोडे सविस्तर लिहितो. विमान पन्नास आसनांचे असो वा एकशे ऐंशीचे, पुढे वैमानिक दोनच लागतात. त्यांचा पगार पन्नास तिकिटांवर वाटायचा की एकशे ऐंशी, इथेच निम्मा खेळ ठरतो. लीजचे भाडे डॉलरमध्ये जाते, तिकीट रुपयांत येते. लँडिंग गिअर (चाकांचा सांगाडा) आणि इंजिनाच्या महत्त्वाच्या भागांचे आयुष्य तासांबरोबर उतरण्याच्या संख्येवरही मोजले जाते. तासाभराच्या फेऱ्या मारणारे विमान दिवसभरात कितीतरी वेळा चढते-उतरते, म्हणून ते उडालेल्या तासांच्या मानाने लवकर झिजते. मुंबई-कोल्हापूरसारख्या अंतरावर जेट पुरते उंचीवर पोचते न पोचते तोच उतरणीला लागते; वाचतात ती मोजकी मिनिटे, इंधन मात्र पंख्याच्या विमानापेक्षा बरेच जास्त जळते. लांब पल्ल्याला जेट हवेच. कोल्हापूरच्याच घोडावत समूहाची स्टार एअर पन्नास आसनी आणि ७६ आसनी एम्ब्राएर जेट चालवते, आणि मुंबईला न येता दोन लहान शहरे थेट जोडायची तर तोच मार्ग बरोबर आहे असे मला वाटते.

ही ७६ आसने आणि इंडिगोच्या एटीआरमधली ७८ आसने पाहा. ऐंशीपेक्षा कमी आसनांच्या विमानांना विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर लँडिंग शुल्काची माफी अनेक वर्षे चालत आली आहे. चाळीस हजार किलोपेक्षा हलक्या प्रवासी विमानाच्या इंधनावरील राज्याच्या विक्रीकराला केंद्रीय कायद्याने मर्यादा घातली आहे. मोठ्या विमानाला मुंबईत तोच कर २०२३ च्या कपातीनंतरही १८ टक्के होता. छोटी विमाने तगली आहेत ती अशा सवलतींवर.

आणि एटीआर! मागच्या दाराला स्वतःची शिडी, त्यामुळे शिडीची गाडी नको. उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून थांबवायचा आणि इंजिन चालू ठेवून त्यावरच दिवे आणि वातानुकूलन चालवायचे, याला आम्ही हॉटेल मोड म्हणतो. म्हणजे खालून वीज देणारे यंत्रही नसले तरी चालते. ज्या धावपट्टीजवळ एक खोली आणि एक अग्निशमन गाडी आहे तिथेही हे विमान वेळेत परत फिरते. त्याचे काम जाणणारे तंत्रज्ञ मात्र एका दिवसात तयार होत नाहीत. आमचे परवाने विमानाच्या प्रकारानुसार असतात. कंपनी विकली गेली, एटीआर परत गेली, की त्यावर हात बसलेला माणूस एअरबसवर नव्याने शिकतो किंवा आखाती देशात जातो. माझे कितीतरी सहकारी असेच गेले.

माझी बहीण नांदेडला असते. मेव्हण्यांचे उपचार परळला चालू होते तेव्हा मुंबईचे विमान होते. मग त्या कंपनीचे दिवस फिरले, गुंतवणूकदार येणार-येणार अशी चर्चा होत राहिली आणि विमान बंद झाले. केमो घेतलेल्या माणसाला रात्रभर रेल्वेत बसवून नेताना बहिणीने काय सोसले ते मी फोनवर ऐकत होतो. त्या बातम्यांत ‘मूल्यांकन’ हा शब्द रोज असायचा, नांदेड कधीच नसायचे.

मुंबईची खरी अडचण स्लॉटची. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि मुख्य धावपट्टीवर तासाला साधारण ४६ विमानांची ये-जा होते. सत्तर आसनी विमान त्यातली एक जागा घेते, दोनशेहून अधिक आसनांचेही एकच. मग खरेदीदार सकाळी साडेसातची वेळ सिंधुदुर्गला देईल की दिल्लीला? लहान शहरे विमानाने जोडण्याच्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेतली तीन वर्षांची मदत संपली की उत्तर मिळतेच. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत; सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षे पुरी केली ११२ मार्गांनी, आणि त्यानंतर मार्च २०२३ पर्यंत टिकले फक्त ५४.

अमेरिकेत मोठ्या कंपन्या छोट्या कंपन्यांची उड्डाणे ठरलेल्या दराने विकत घेतात, त्यामुळे तिकीट खपले नाही तरी छोट्या कंपनीचा खर्च निघतो. तरीही डेल्टाने पन्नास आसनी जेट परवडेनात म्हणून स्वतःच्याच मालकीची कोमएअर २०१२ मध्ये बंद केली. मालकाच्या मायेवर छोटे विमान उडत नाही, करारावर उडते.

म्हणून माझी मागणी अशी. अलायन्स एअर असो वा दुसरी कोणती, विक्रीच्या कागदात लहान शहरांचे स्लॉट मार्गाला बांधलेले असावेत, कंपनीला नव्हे. तो मार्ग नव्या मालकाला नको असेल तर स्लॉट परत यावा आणि तिथे उडायला तयार असलेल्या दुसऱ्याला मिळावा. सांताक्रूझला हे अवघड वाटत असेल तर २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू आहे. तिथून, म्हणजे उलव्याहून, अटल सेतूने शिवडीला उतरले की परळ जवळच, रुग्णाला तर तेच सोयीचे. तिथल्या सकाळ-संध्याकाळच्या वेळा मोठ्या कंपन्यांनी भरून टाकण्याआधी नांदेड, कोल्हापूर, जळगाव, सिंधुदुर्गसाठी काही वेळा राखून ठेवता येतील. हे काम विमानांच्या वेळापत्रकाच्या या हंगामातच करायला हवे. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने आणि राज्य सरकारने राखीव वेळांची यादी जाहीर करावी, आणि आपल्या दैनिकाने ती शहरवार छापावी.

- एक निवृत्त विमान देखभाल अभियंता, विलेपार्ले (पूर्व), मुंबई