कोर्टाच्या त्या फेऱ्यांमधल्या माणसांना

नावं मुद्दाम लिहीत नाही. तुम्ही ओळखालच.

आधी घरातल्या हिंसेची तक्रार लिहून घेणाऱ्या संरक्षण अधिकारी ताईंचे आभार. "नवरा-बायकोचं भांडण, घरी मिटवा," हे मी दुसरीकडे ऐकून आले होते. ताईंनी आधी बसवलं, मग एकेक प्रसंग तारखेनिशी विचारून अहवाल लिहिला. फक्त मारहाणच नाही, तर पगार काढून घेणं, सतत घालूनपाडून बोलणं हीसुद्धा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात हिंसाच धरतात, हे मला तिथे कळलं.

विधी सेवा प्राधिकरणाच्या वकील मॅडम, उत्पन्न कितीही असलं तरी बाईला मोफत वकील मागता येतो, हे मला माहीतच नव्हतं. घर माझ्या नावावर नाही म्हणून मी गप्प बसले होते. त्याच कायद्याच्या कलम १९ खाली तिथेच राहण्याचा आदेश मागता येतो, हे तुम्ही न चिडता तीनदा समजावलंत. अंतरिम आदेश हातात आला त्या रात्री मी सलग झोपले. (अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. तारखांना ते कुणी सांगितलेलं दिसत नाही.)

न्यायाधीशांचे आभार मानायचे नसतात म्हणे. मग शिपाई काकांचे मानते. प्रत्येक तारखेला नवरा यायच्या आत ते मला व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसवायचे, काही न विचारता.

आणि आदेश घेऊन सोबत आलेल्या महिला कॉन्स्टेबल, मी कुलूप उघडून आत जाईपर्यंत तुम्ही जिन्यात उभ्या होतात. तेव्हा बोलायचं राहून गेलं.