पिना मारल्यात

प्रिय सुमे,

मास्तर गेले.

घाबरू नकोस, आपले नव्हेत. निळ्या पुठ्ठ्याच्या कादंबरीतले, तूच दिलेले. सात महिने तुला चार ओळी खरडल्या नाहीत आणि आता लिहितेय ती जन्मालाच न आलेल्या माणसाच्या सुतकात. बाकी मी बरी आहे, पाठ अधूनमधून बोलते.

शेवटचं प्रकरण रात्री दोनला संपलं. जायच्या आदल्या संध्याकाळी मास्तर सदऱ्याचं तुटलेलं बटण स्वतः लावतात, दोरा दातांनी तोडतात, आणि मग सदरा घालतच नाहीत, घडी करून ठेवून देतात. मरण पुढच्या पानावर आहे, पण मी बटणापाशीच फुटले. उशी तोंडात धरून रडले. शेजारी झोपलेला जागा झाला असता तर त्याला काय सांगणार होते?

खरी टोचणी वेगळीच आहे. माई गेल्या तेव्हा माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. तू होतीस, तू पाहिलंयस. पंधरा दिवस मी नुसत्या याद्या करत होते.

दीड महिना झाला. एकोणिसाव्या प्रकरणापर्यंत वाचते आणि परत पहिल्या पानावर येते. तिथवर ते जिवंत आहेत. ऑफिसात कुणी वाकडं बोललं की आधी मनात येतं, मास्तर काय म्हणाले असते. नवऱ्याशी भांडतानाही तेच. त्यात तो बिचारा दरवेळी हरतो, कारण मास्तरांची वाक्यं कुणीतरी बसून, खोडून खोडून लिहिलीयत.

शोधलं तर कळलं, १९५६ मध्ये हॉर्टन आणि वोल नावाच्या दोघांनी असल्या एकतर्फी जवळिकीला पॅरासोशल असं नाव दिलं. तेही रेडिओ-टीव्हीवरच्या माणसांवरून. ती माणसं निदान असतात तरी. नाव दिलं हं, नावं ठेवली नाहीत. ते काम माझं होतं. होम्स धबधब्यात पडला तेव्हा तू जेवली नव्हतीस, आणि मी शहाणी सांगायला गेले, अगं, १८९३ ला मारला तरी १९०३ ला परत आणलाय, पुढचं वाच. ‘माझं रडणं फुकट घालवलंस’ म्हणालीस आणि अकरा दिवस बोलली नाहीस. मी तुला नाटकी म्हटलं होतं. मागे घेते. तुझा परत तरी आला! वाचकांनी मासिकाच्या वर्गण्या बंद केल्या होत्या म्हणे. माझ्या मास्तरांचा लेखकच वारलाय. मी कुणाची वर्गणी बंद करू?

माईही दोरा दातांनीच तोडायच्या ना गं? की मी आता मनाने जोडतेय? आठवत असेल तर कळव, नक्की कळव.

तुझ्या बदलीचं काय झालं? फोटोत फार वाळलेली दिसलीस. पोराचा निकाल लागला असेल, शाबासकी सांग.

पुस्तक तुझ्याकडे पाठवतेय, घरात नको. शेवटच्या चोवीस पानांना पिना मारल्यात. काढायच्या तर काढ, पण मला सांगू नकोस.

तुझी,
नाटकी नंबर दोन