'गाव कोणतं?' एवढंच विचारा

मा. संपादक,
स. न.

मी एस.टी.तून निवृत्त झालेला कंडक्टर. आता दोडामार्ग तालुक्यात काजूची बाग सांभाळतो. गेल्या मार्चमध्ये मुंबईचा पुतण्या हंगामाला आला. आठ दिवस त्याने बोंडू गोळा केले, पातेरा म्हणजे वाळका पाला ओढला. परत गेल्यावर चौथ्या दिवशी सणसणून ताप भरला. डोकं फुटेल असं दुखायचं, कंबर धरलेली. तिथल्या एका इस्पितळात मलेरिया, डेंग्यू, लेप्टो सगळं तपासलं, काही सापडेना. पाचव्या दिवशी हिरड्यांतून रक्त आलं. मी वहिनीला फोनवर म्हटलं, "डॉक्टरांक सांग, तो गावाक इललो." तिने सांगितलं, माकडताप असेल म्हणाली. तर तरुण डॉक्टरांनी विचारलं, "म्हणजे मंकीपॉक्स का?"

दोष त्यांना देत नाही. माकडताप हा आजार आहेच मुळी सह्याद्रीच्या या पट्ट्यातला. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरू लागली, माणसं तापाने फणफणली, तेव्हा आधी शंका आली ती पिवळ्या तापाची. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने हा वेगळाच विषाणू शोधला. पुढे कित्येक वर्षं तो शिमोग्याच्या आसपासच होता. 2015 मध्ये गोव्यात सत्तरीत आणि 2016 मध्ये आमच्याकडे दोडामार्गात त्याने हातपाय पसरले.

पसरवते ती गोचीड. माणसाला बहुधा तिची पिल्लंच चावतात, तिळाएवढी. अंगावर चढलेली कळतही नाहीत. माकड मेलं की थंड पडलेल्या अंगावरून गोचिडी उतरतात आणि आजूबाजूच्या पाल्यात पसरतात. आमच्याकडे मेलेल्या माकडाला मारुती समजून हार-नारळ घालून पुरायची रीत. आता हात लावायचा नाही, आरोग्य खात्याला कळवायचं. जुनी माणसं अजून कुरकुरतात.

पुतण्याचा नमुना अखेर पुण्याला गेला आणि निदान झालं. यावर नेमकं औषध नाही. सलाईन, रक्तस्रावावर लक्ष, एवढंच हातात. शंभरात तीन ते पाच जण दगावतात. कर्नाटकात वर्षानुवर्षं दिलेली जुनी लस उपयोगी पडत नाही म्हणून बंद झाली, नवीवर काम चालू आहे. पोरगा वाचला, पण दोन महिने जिना चढताना धापा टाकत होता. चाळीतल्या लोकांनी तेवढे दिवस त्याच्या घरचा चहाही टाळला. हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही, पण ते पटवायला कोण बसणार?

मागणी साधी आहे. डिसेंबर ते मे या काळात मुंबई-ठाण्याच्या इस्पितळांत तापाच्या रुग्णाला केसपेपर काढतानाच विचारावं, पंधरा दिवसांत गावी गेला होतात का, कुठल्या गावी, रानात गेलात का. आणि चाकरमान्यांनो, कोणी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा.

आपला,
एक काजू बागायतदार, ता. दोडामार्ग, जि. सिंधुदुर्ग