‘ब्लायमी’ म्हणजे नुसते ‘अरे देवा’ नव्हे

महोदय,

इंग्रजी कादंबऱ्यांच्या अनुवादांत आणि मालिकांच्या उपशीर्षकांत इंग्लंडमधल्या बोलींमधला उद्गार आला की ‘अरे देवा’ लिहून मोकळे व्हायची सवय बरी नाही. या उद्गारांच्या व्युत्पत्ती म्हणून फिरणाऱ्या कहाण्या तर त्याहून घातक, कारण त्या ऐकायला गोड असतात.

लंडनच्या कॉक्नी बोलीतला ‘ब्लायमी’ घ्या. मूळ बोल ‘गॉड ब्लाइंड मी’, म्हणजे खोटे बोलत असेन तर देव माझे डोळे फोडो. भरभर बोलताना ‘गॉड’चा ‘गॉर’ झाला, ‘ब्लाइंड’च्या शेवटचे व्यंजन गळाले, ‘गॉरब्लायमी’ उरले आणि पुढे ‘गॉर’ही गेला. ‘च्यायला’ म्हणताना कोणाच्या मनात कोणाची आई नसते, तसेच इथे डोळे कोणाच्या मनात नसतात. झिजण्याची तऱ्हा तीच, म्हणून अनुवादालाही तोच शब्द जवळचा.

यॉर्कशायर-लँकेशायरकडच्या ‘बाय गम’ची गोष्ट वेगळी. त्यातल्या ‘गम’चा डिंकाशी काही संबंध नाही. देवाचे नाव उगाच घेणे पाप, म्हणून ‘गॉड’ मुद्दाम बिघडवून घेतला. हा संकोच नुसता घरगुती नव्हता. 1606 च्या कायद्याने रंगमंचावर देवाचे नाव थट्टेने घेणाऱ्याला दहा पौंड दंड ठेवला होता. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकाच्या 1622 च्या छापील प्रतीत ‘झाउंड्झ’ (देवाच्या जखमांची शपथ) आहे. त्याच्या नाटकांच्या 1623 च्या संग्रहातून तो गाळलेला दिसतो.

नॉटिंगहॅम, डर्बी, शेफील्डकडचा ‘एय अप’ हा शपथेच्या घराण्यातला नाही. सैल सुरात तो ‘काय, कसं काय?’ असतो, तोच झटक्यात म्हटला की ‘अरे, जपून!’ स्वीडिश ‘से उप’शी (‘जपून!’) साम्य दाखवून त्याला थेट व्हायकिंगांच्या पदरी बांधतात, पण नुसत्या साम्याने नाते सिद्ध होत नाही. त्याला जोडून येणाऱ्या ‘मी डक’चे (‘माझ्या बदका’) मूळही कुठल्या सॅक्सन सरदाराच्या पदवीत शोधायला नको. लाडाने ‘बदक’ म्हणण्याची रीत शेक्सपिअरच्या नाटकातही आहे.

पडताळा घ्यायचा तर आधी जिल्हा पाहावा. जोसेफ राइट यांच्या सहा खंडांच्या बोलीकोशात (1898–1905) शब्दाबरोबर परगणा दिलेला असतो. मग सर्वांत जुना लिखित दाखला शोधावा. मात्र उद्गार तोंडी जगतात, कागदावर उशिरा येतात, त्यामुळे दाखल्याचे साल म्हणजे जन्मसाल नव्हे. शेवटी, सांगितलेला ध्वनिबदल त्याच बोलीतल्या इतर शब्दांत घडला आहे का, हे पाहावे. नसेल तर त्या कहाणीवर भरवसा ठेवू नये.

अनुवादकांनी ‘एय अप’ला ‘काय रे’ खुशाल लिहावे. न्यूकॅसलच्या ‘हाउवे’ला ‘चला रे’ शोभेल. सुंदरलंडचे लोक त्यालाच ‘हावे’ म्हणतात आणि फुटबॉलच्या मैदानात हा फरक दोन्हीकडे अस्मितेचा असतो, तेव्हा तो पुसू नये. ‘बाय गम’ला मात्र ‘अरे देवा’ नकोच. देवाचे नाव तोंडी येऊ नये म्हणूनच तर बोलणाऱ्याने तो शब्द घेतला आहे.

– बोलीभाषांचा एक अभ्यासक