१४ जुलैच्या जिओकॅशिंग मेळाव्याबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, चंद्रयान-३ च्या उड्डाणाच्या वर्धापनदिनानिमित्त आपला जिओकॅशिंगचा (जीपीएसच्या साहाय्याने लपवलेल्या डब्या शोधण्याच्या खेळाचा) मेळावा येत्या १४ जुलै रोजी दुपारी २ वाजता नागपूरच्या झिरो माइल स्तंभाजवळ भरेल. २०२३ साली याच दिवशी दुपारी २.३५ वाजता एलव्हीएम-३ प्रक्षेपक श्रीहरिकोट्याहून झेपावला होता. त्यामुळे नोंदवहीतील सह्या बरोबर २.३५ ला सुरू होतील आणि उशिरा येणाऱ्यांसाठी कोणी थांबणार नाही.

विधानभवन जवळच असल्याने झिरो माइलच्या आवारात कोणीही डबी लपवू वा शोधू नये. बेवारस डबी दिसल्यास पोलिसांना बोलावले जाणारच, आणि ते योग्यही आहे. सह्या झाल्यावर शोधासाठी सर्वांनी आपापल्या वाहनाने सेमिनरी हिल्सला जावे.

- पावसाळा असल्याने डबी उघडण्यापूर्वी हात पुसावेत, आतील, शोधणाऱ्यांच्या सह्यांची कागदी पट्टी पूर्ववत गुंडाळून ठेवावी व झाकण घट्ट लावावे.
- दाट झाडीत जीपीएसचे स्थान काही मीटर सरकते, म्हणून जवळ पोहोचल्यावर फोन खिशात ठेवून नजरेने शोधावे; माती उकरू नये.
- पेन स्वतःचे आणावे.

येणाऱ्यांनी १२ जुलैपर्यंत गटात नाव नोंदवावे.